वर ओढलेले मोजे

डॉक्टर, आज सकाळी शाळेच्या ओट्यावर तुमच्याशिवाय तपासणी झाली. शिपायानं सवयीनं तुमची ती एक हात मोडलेली खुर्ची बाहेर आणून ठेवली होती. बुलडाण्याहून आलेले नवे डॉक्टर तिच्यावर बसायला गेले, तर त्यानं घाईनं दुसरी पुढं सरकवली. चोवीस पोरं उघड्या अंगानं रांगेत उभी होती. सामन्यांना आठ दिवस राहिलेत. मी रांगेच्या टोकाला, शिट्टी गळ्यात, दरवर्षीच्या जागी उभा होतो.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. हेडमास्तर म्हणाले, "तुमचा दोस्ताना होता, शाळेच्या अंकासाठी चार शब्द लिहा." कुठं जन्मलात, कुठं शिकलात, रुग्णांची कशी सेवा केलीत. ते मी लिहिणार नाही, ते तुमच्या कंपाउंडरला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला तुमच्याशी भांडायचं आहे. भांडण अर्धं टाकून चहा मागवायची तुमची सवय मला कधीच आवडली नव्हती, आणि या वेळी तर तुम्ही चहासुद्धा मागवला नाहीत.

आपली ओळखच भांडणानं झाली. राज्य नवं झालं त्या वर्षी तुम्ही पुण्याकडून आमच्या दवाखान्यात आलात. सामन्यांना जाणाऱ्या पोरांना डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. आमची रीत अशी होती की मी नावांची यादी करायची, शिपायानं ती दवाखान्यात न्यायची आणि चहा पिऊन सहीसकट परत आणायची. त्या वर्षी यादी कोरी परत आली. खाली तुमच्या अक्षरात एक ओळ होती, "पोरं पाठवा. कागदाला छाती नसते." मी तसाच सायकलवर टांग टाकून दवाखान्यात आलो.

"ही खेड्यातली पोरं आहेत, डॉक्टर," मी म्हणालो. "पहाटे उठून मोट हाकतात, चार मैल चालत शाळेत येतात. यांना पळायला तुमचं सर्टिफिकेट लागतं होय?"

तुम्ही एका म्हातारीचा डोळा धूत होता. मान वर न करता म्हणालात, "मोट हाकताना दम लागला तर पोरगं बांधावर बसतं. तुम्ही मैदानात बसू देता का, मास्तर?"

"बसू दिलं तर शिल्ड कोण आणील?"

"मग छाती मला ऐकू द्या."

आठ वर्षं आपण हेच भांडलो. शब्द बदलले, ऋतू बदलले, भांडण तेच राहिलं. धाडच्या बाजारातून येताना, माझ्या घरी कळण्याची भाकरी आणि भरीत खाताना, तुमच्या ओसरीवर बुद्धिबळाचा डाव अर्धा असताना. तुम्ही हरत आलात की हा विषय काढायचात, हे मला उशिरा समजलं.

तुमची तपासण्याची तऱ्हा आधी आम्हाला चमत्कारिक वाटली. छातीला नळी लावायच्या आधी तुम्ही पोरांचे गुडघे बघायचात, मग घोटे, मग कोपरं. पोरं हसायची. आमच्या पोरांची अक्कल गुडघ्यात असते हे मला ठाऊक होतं, काळीजही तिथंच असतं हे तुमच्याकडून कळलं. तुम्ही बिब्ब्याचे डाग शोधत होता. आमच्याकडे लेकराचा सांधा सुजला की आई बिब्बा तापवून त्याच्या तेलाचा ठिपका देते. सूज उतरते की नाही ते देव जाणे, काळा डाग मात्र जन्माला पुरतो. बाहेरगावचा कुठलाही डॉक्टर तो बघून नाक मुरडतो आणि आईला चार शब्द सुनावतो. तुम्ही तो वाचायला शिकलात.

"बघा मास्तर," तुम्ही मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "लहानपणी ताप येतो, सांधे सुजतात, पंधरा दिवसांत उतरतात. आई नारळ फोडून मोकळी होते. पण तो ताप गेलेला नसतो. काळजाच्या झडपेत घरजावई होऊन बसतो. वर्षानुवर्षं बसून खातो आणि घरच्यांना पत्ता नसतो."

ज्याच्या सांध्यांवर डाग, त्याला तुम्ही मैदानाला एक फेरी मारायला लावायचात आणि लगेच सतरंजीवर डाव्या कुशीवर निजवायचात. मग डोळे मिटून ऐकायचात. त्या वेळी ओट्यावर कुणी खोकायचं नाही. एकदा शिपायानं तासाची घंटा दिली, तर तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलंत की पुढच्या वर्षापासून तपासणीच्या दिवशी घंटा बंदच झाली. डाग नसलेल्याला उभ्यानंच दोन ठिकाणी नळी लावून सोडायचात. सगळ्यांना निजवून ऐकायला वेळ कुठला, दवाखान्याच्या पायरीवर बाया लेकरं घेऊन बसलेल्या असत. आणि पहिल्या पोराला हात लावायच्या आधी मला दरवर्षी एक प्रश्न ठरलेला होता. "काय मास्तर, सांगायचं काही राहिलंय का?" कोणाला पावसाळ्यात हिवताप आला होता, कोणाच्या कानातून पू येतो, हे मला माहीत असायचं. मी सांगायचो, तुम्ही मान हलवायचात.

दुसऱ्या वर्षी तुम्ही माझा हुतूतूचा कप्तान बसवलात. डाव्या कुशीवर निजवून फार वेळ ऐकलंत आणि म्हणालात, "हा खेळणार नाही." आम्ही पहिल्याच सामन्यात चिखलीकडून हरलो. मी तुमच्याशी दोन महिने बोललो नाही. तो पोरगा उन्हाळ्यात शेतात ढेकळं फोडत होता, जिवंत होता, हसत होता. त्याला बघितलं की माझं डोकं फिरायचं. शेवटी तुम्हीच कंपाउंडरच्या हाती निरोप धाडलात, "घड्याळ पाहिजे का?" आमच्या शाळेत वेळ मोजायचं घड्याळ नव्हतं. तुमच्या मनगटावरच्या घड्याळाला सेकंदाचा काटा होता. मी नाक घासत आलो आणि घड्याळ घेऊन गेलो.

त्याच घड्याळावर आपण सुपडाची वेळ मोजली. आता लपवून काय करायचं डॉक्टर, आपल्या दोघांनाही तो पोरगा वेड लावून गेला होता.

गयाबाईची आधीची तीन लेकरं गेली, म्हणून चौथं झाल्या झाल्या सुपात घालून शेजारणीच्या हाती दिलं आणि परत मागून घेतलं. म्हणून नाव सुपडा. एकरभर मळ्यात वांगी, मेथी, मुळे लावून ते मायलेक धाडच्या बाजारात विकायचे. सोळा वर्षांचा होता तेव्हा, लांब पायांचा, आणि पळायला लागला की पायाचा आवाज यायचा नाही. तुम्ही दवाखाना उरकून मैदानाच्या कडेला येऊन उभे राहायचात. "मास्तर, याला पळताना बघून मला माझं पोट लाजवतं," असं म्हणायचात. याला पुढं पोलिसात नाही तर एस.टी.त चिकटवता येईल, असं मी सांगत सुटलो होतो. ते खरंही होतं. पण त्याहून खरं हे की आमच्या शाळेच्या कपाटात शिल्डाची जागा मी दहा वर्षं पुसत होतो.

तपासणीच्या आदल्या दिवशी सुपडा पाय धुवायला रांजणापाशी बसला होता. लाल माती उतरली आणि मला डाग दिसले. दोन्ही गुडघ्यांवर दोन-दोन, घोट्यांवर एकेक.

"हे कवाचे बे?" मी विचारलं.

"लहानपणचे. म्या सात वर्साचा होतो. उठताच येत नोतं म्हने मले."

मी उभा राहिलो. तुमचा तो कप्तान, चिखलीची हार, ढेकळं फोडणारा त्याचा हात, सगळं डोळ्यांसमोर आलं. त्याच आठवड्यात संस्थेच्या अध्यक्षांनी शाळेला गणवेशाचे लांब मोजे दिले होते. मी सुपडाला म्हणालो, "उद्या मोजे घालून ये. गुडघ्याच्या वर ओढ. अन् कोणाले काही सांगू नको." मग एकट्याचे मोजे दिसतील म्हणून मी सगळ्या पोरांना हुकूम सोडला की तपासणीला पूर्ण गणवेशात यायचं, फक्त सदरा काढायचा.

तुम्ही खुर्चीवर बसलात, रांगेकडे पाहिलंत आणि हसलात. "आज पलटण आलीय की काय?"

"अध्यक्ष येणार आहेत," मी म्हणालो. ते येणार नव्हते.

"बरं, असू द्या. डाग कोणाला आहेत ते तुम्हाला ठाऊकच असेल. काय मास्तर, सांगायचं काही राहिलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

पायरीवर त्या दिवशी बाया जास्त होत्या. देवीची साथ होती ना शेजारच्या गावात. तुम्ही माझ्यावर विसंबलात. सुपडाच्या छातीला उभ्यानं दोनदा नळी लावलीत, त्याच्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, "पळ."

बुलडाण्याच्या मैदानावरचं तुम्हाला मी काय सांगणार. तुम्ही एस.टी.नं खास आला होतात, घड्याळ हातात घेऊन शेवटच्या रेषेवर उभे होता. मैलाची शर्यत, चार फेऱ्या. दोन फेऱ्या तो सगळ्यांच्या पुढं होता. तिसऱ्या फेरीत माझ्यासमोरून जाताना त्यानं छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तुम्ही पलीकडे होता, तुम्हाला ते दिसलं नाही. तो विचारत होता, डॉक्टर. थांबू का, असं विचारत होता. मी ओरडलो, "पय बे, थांबू नको."

तो थांबला नाही. चौथ्या फेरीच्या वळणावर गुडघ्यावर आला आणि तोंडातून गुलाबी फेस आला. लोक जमले. कोणी म्हणे फिट आली, कांदा हुंगवा. कोणी त्याला आडवा पाडत होतं. तुम्ही धावत आलात, एक चप्पल मैदानातच राहिली. आठ वर्षांत तुम्ही आमची बोली एकदाच नीट बोललात, ती त्या दिवशी. "सरका बे!" त्याला पाठीशी धरून बसतं केलंत आणि तसाच बसता धरून जीपमध्ये घातलात. चढवताना तुमचा अंगठा त्याच्या गुडघ्यावरून फिरला. माती निघाली. तुम्ही डाग पाहिलेत, मग मला पाहिलंत. मी चाकाकडे बघायला लागलो.

तो वाचला. आधी बुलडाणा, मग अकोला, महिनाभर. झडप आवळून गेली होती. पळणं संपलं, विहिरीवरून घागर आणणंही संपलं. परत येताना एस.टी.त तुम्ही खिडकीशी बसला होता. धाड आलं. मग म्हणालात, "मोजे उतरवायला सांगायला हवं होतं मी. घाई केली. डाव्या कुशीवर निजवलं असतं तर ऐकू आलं असतं, मास्तर. माझ्या कानाला ऐकू आलं असतं."

"तुमचा काय दोष," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. बोललो ते खरंच होतं. त्याच्या पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, "दोष माझा." ते मी गिळलं आणि पाच वर्षं पोटात ठेवलं.

त्यानंतर तुम्ही काय केलंत ते सगळ्या गावाला माहीत आहे. सुपडाला तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई द्यायची असते. त्याला तारखा लक्षात राहणार नाहीत म्हणून तुम्ही बाजार मोजायला सांगितलंत. दर तिसऱ्या बाजाराला, भाजी विकून झाली की दवाखाना. पाच वर्षांत एक बाजार चुकला नाही. मुलीच्या लग्नाला पुण्याला गेलात, तर अक्षता पडल्या आणि तुम्ही एस.टी. स्टँडवर. तुमच्या बायकोनं मला हे रागानं सांगितलं होतं आणि सांगता सांगता तिचे डोळे भरले होते. गयाबाई तुमच्या पायाशी येऊन रडली, "म्याच बिब्बा घातला, दवाखान्यात नेलं असतं त..." तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "बाई, दवाखाना होताच कुठं तेव्हा इथं? बिब्ब्यानं काही बिघडलं नाही. तुमच्या डागांनी मला सांगितलं असतं, मीच पाहिलं नाही." मी तिथंच बाकावर बसलो होतो. टपालाच्या पोत्यासारखा.

आणि मोजे. त्या वर्षापासून ओट्यावर कोणाच्या पायात मोजे दिसायचे नाहीत. डाग असो नसो, प्रत्येकाला फेरी, प्रत्येकाला डावी कूस. तपासणीला दोन दिवस लागायला लागले. आणि दरवर्षी पहिल्या पोराला हात लावायच्या आधी तोच प्रश्न, "काय मास्तर, सांगायचं काही राहिलंय का?" मी हिवताप सांगायचो, कान सांगायचो. तुम्ही मान हलवायचात.

मग ही कावीळ. चार दिवस तुम्ही अंगावर काढलीत, पाचव्या दिवशी बुलडाण्याला हलवलं. मी रजा टाकून आलो. तुमचे डोळे हळदीत बुडवल्यासारखे झाले होते. सुपडा आणि गयाबाई एरंडाच्या पाल्याचा रस घेऊन आली होती, तुम्ही तिच्या समाधानासाठी जिभेला लावलात आणि तोंड वाकडं केलंत. ती दोघं बाहेर गेल्यावर खोलीत आपण दोघंच राहिलो. तुम्ही म्हणालात, "सामने कधी आहेत?" मी सांगितलं. मग माझ्याकडे मान वळवून, अगदी ओट्यावर विचारायचात तसंच विचारलंत, "मास्तर, सांगायचं काही राहिलंय का?"

मला वाटलं तुमचं भान सुटतंय, मनानं तुम्ही शाळेच्या ओट्यावर आहात. असं मी स्वतःला सांगितलं. दारात नर्स येईल, कोणीतरी येईल, अशी मी वाट बघत होतो. कोणी आलं नाही.

"काही नाही," मी म्हणालो. "तुम्ही पडून राहा."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत. नंतर बोलण्यासारखे तुम्ही राहिलाच नाहीत. तिसऱ्या दिवशी गेलात.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी सुपडाचा तिसरा बाजार होता. सगळं गाव तुमच्यासाठी हळहळत होतं, पण ही गोष्ट माझ्याशिवाय कोणाच्या ध्यानात नव्हती. दवाखान्यात सुई होती, औषध होतं, कंपाउंडर होता. तो म्हणाला, "साहेब नाहीत, मी कशी देऊ? काही झालं तर?" त्याचंही बरोबर होतं. मी सुपडाला म्हणालो, चल बुलडाण्याला. धाडच्या स्टँडवर गाडीची वाट बघत आम्ही बसलो. त्याच्या मांडीवर न खपलेल्या मेथीच्या चार जुड्या होत्या. एकवीस वर्षांचा झालाय तो आता. बोलताना मध्येच दम खातो.

मला वाटलं, एक माणूस तर गेला. आता निदान याला तरी सांगू.

"सुपडा, त्या सालचे ते मोजे," मी म्हणालो, "ते मी तुयासाठीच..."

"मले माईत हाय ना मास्तर. माह्याच पायात होते ते." तो मेथीची पिवळी पानं खुडत होता.

"माफ कर बाप्पा."

"तुमी काय मुद्दाम मारासाठी केलं का? मले बी पयाचंच होतं."

"डॉक्टरले मात्र मी कधी सांगितलं नाही. त्याइले माहीतच नव्हतं. ते सोतालेच दोष देत गेले."

सुपडानं हातातली जुडी खाली ठेवली. "काऊन माईत नसीन? म्या सांगतलं होतं त्याइले. पयल्याच सुईच्या दिशी."

गाडी आली होती. लोक चढत होते. मी जागचा हललो नाही.

"काय म्हणे?"

"काईच नाई म्हणे. सुई देल्ली. मंग म्हणे, सुपडा, मास्तरले मी काई बोलणार नाई, तू बी नको बोलू. ते आपल्या तोंडानं सांगतीन. अन् दरसाल तपासनी झाली का मले म्हणत, 'याही वर्षी नाही सांगितलं रे.'"

"राग होता का त्याइले माह्या?"

सुपडानं विचार केला. "राग नोता. वाट पाह्यत."

डॉक्टर, मला तुमचा राग आला. खरं सांगतो, स्टँडवर बसल्या जागी अंगाची लाही झाली. पाच वर्षं! एकदा कॉलर धरून विचारलं असतंत. ओट्यावर पोरांसमोर दोन थोबाडीत दिल्या असत्यात. माझ्यासमोर स्वतःच्या कानांना दोष देत बसलात आणि मी ऐकून घेत गेलो, ते तुम्हाला बघवलं कसं? हा कसला चांगुलपणा? शत्रूसुद्धा माणसाला इतकं एकटं सोडत नाही. गाडीत बसल्यावरही मी मनात तुमच्याशी भांडत होतो. बुलडाणा येईपर्यंत भांडलो. सुपडाला सुई मिळाली, पुढच्या सुईचं पक्कं झालं. परत येताना तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला आणि मग मला रडू आलं. तुम्ही जाऊन पाच दिवस झाले होते आणि मी तोपर्यंत रडलो नव्हतो. प्रश्न तर तुम्ही दरवर्षी विचारतच होता. मी हिवतापाचं उत्तर देत होतो.

आता आज सकाळचं ऐका. नवे डॉक्टर वाईट नाहीत, तरुण आहेत, घाईत होते. रांगेवरून नजर फिरवून म्हणाले, "सगळे धडधाकट दिसतायत. यादी द्या, सही करतो." पेनाचं टोपण काढलंसुद्धा. आणि पोरं मोजे घालून आली होती. नवीन डॉक्टर म्हणून हेडमास्तरांनीच पूर्ण गणवेश सांगितला होता. तुम्ही नव्हता, तर पाच वर्षांची शिस्त एका दिवसात गेली.

"मोजे उतरवा," मी म्हणालो.

कोणी हललं नाही. सगळ्यांनी अशोककडे पाहिलं. अशोक माझा कप्तान, पाटलाचा पोरगा, याच वर्षी दुसऱ्या शाळेतून आलेला, या वर्षी शिल्ड येणार ती त्याच्यामुळं असं सगळा तालुका म्हणतो. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचा एक हात नकळत डाव्या मोज्याकडे गेला होता. मला समजलं. मला हेही समजलं की मी आता गप्प राहिलो तर कोणालाच काही समजणार नाही. पेन उघडं आहे, एक सही, आणि शिल्ड.

मी शिट्टी गळ्यातून काढली आणि खिशात टाकली. मग सांगितलं. हेडमास्तरांसमोर, नव्या डॉक्टरांसमोर, चोवीस पोरांसमोर. याच ओट्यावर एका पोराच्या गुडघ्यावर डाग असताना मी मोजे वर ओढायला लावले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणालो. तो पोरगा मैदानात थांबू का विचारत होता तेव्हा पळ म्हणालो. तो सुपडा, जो सगळ्यांना बाजारात मेथी देतो. हेडमास्तर दोनदा म्हणाले, "मास्तर, पुरे." मी पुरे केलं नाही.

नव्या डॉक्टरांनी पेनाला टोपण घातलं. अशोकनं वाकून मोजा खाली केला. घोट्यावर दोन डाग होते, फिकट झालेले. त्यानं मैदानाला फेरी मारली, सतरंजीवर डाव्या कुशीवर निजला. ती जागा मीच दाखवली, तुम्ही नळी कुठं ठेवायचात तेही सांगितलं. घंटेची वेळ झाली होती, शिपाई दोरीला हात न लावता उभा राहिला. नवे डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "काहीतरी आहे. मला खात्री नाही. अकोल्याला दाखवून घेऊ, तोवर खेळ बंद."

अशोक उठून बसला. त्याचे डोळे लाल झाले होते. "मास्तर, तुमी काऊन बोलले?" एवढंच म्हणाला आणि सदरा घेऊन निघून गेला. उद्या त्याचा बाप शाळेत येईल आणि आवाज चढवील. आम्ही बहुतेक पहिल्याच सामन्यात हरू. कपाटातली ती जागा मी अजून एक वर्ष पुसीन. अशोकचं काळीज चांगलं निघालं तर तो मला जन्मभर शिव्या देईल. देऊ दे.

पोरं पांगल्यावर ओट्यावर तुमची खुर्ची तेवढी उरली. शिपाई ती आत न्यायला आला, त्याला म्हटलं, राहू दे जरा. मी तिच्यासमोर उभा राहिलो, रांगेतल्या पोरासारखा, हात कुठं ठेवावे ते न कळून. सुपडाला सांगून झालं. पोरांना सांगून झालं. गावाला दुपारपर्यंत कळलंही असेल. तुम्हाला तेवढं सांगायचं राहिलं.

आता एकदा विचारा, डॉक्टर.